दोष नेहमी यंत्राचा

रेडिओकाकांच्या दुकानात आता एकही रेडिओ उरला नव्हता, पण नाव चिकटले ते चिकटलेच. दुकान कसले, एका इमारतीच्या जिन्याखालची तिरपी जागा. काका आत बसत आणि गिऱ्हाईक पायरीवर उभे राही. वरून कोणी धावत उतरले की छतातून धूळ पडे. म्हणून उघडलेल्या यंत्रावर काका आधी स्वच्छ फडके पसरत आणि त्याचा एकच कोपरा उचलून काम करत, डॉक्टर आजाऱ्याचे पांघरूण उचलतो तसा.

रेडिओ गेले, टीव्ही आले. टीव्ही भिंतीला टांगण्याइतके पातळ झाले आणि दुरुस्त करण्यासारखे त्यांच्यात काही उरले नाही. तेव्हा, बरोबरीची माणसे निवृत्तीची भाषा बोलू लागली असताना, काका नातवंडे शोभतील अशा मुलांच्या वर्गात जाऊन बसले आणि कॉम्प्युटर शिकून आले. काकू म्हणत, "यांना बंद पडलेल्या वस्तूंचाच लळा. मी अजून चालती-बोलती आहे ना, म्हणून माझ्याकडे लक्ष नाही."

काका हुशार होते, पण आसपासची माणसे त्यांना बोलवत ती नुसत्या हुशारीसाठी नव्हे. काकांचा एक नियम होता. कोणत्याही घरात शिरले आणि बिघाड कोणाच्याही हातून झालेला असला, तरी बाहेर पडताना दोष यंत्राच्या पदरात टाकून यायचे. कळफलकावर चहा सांडलेला असला तर काका म्हणत, हवा दमट आहे. एका नातवाने सीडी घालायच्या फटीत बिस्किट सरकवले होते, ते काकांनी चिमट्याने काढून खिशात टाकले आणि आतले चाक अडकले होते, असे जाहीर केले. नवऱ्याने बायकोचे फोटो चुकून पुसले, तेव्हा यंत्र जुने झाले की त्यालाही विसरायला होते, असे म्हणून वेळ मारून नेली. गुन्हेगार मग जिन्यापर्यंत पोचवायला येई आणि काही न बोलता काकांची पिशवी हातात देई. यंत्राला काय, ना आई ना बाप. कितीही बोल लावा, ते रडत नाही.

हा नियम त्यांना एका थपडेने शिकवला होता आणि ती थप्पड त्यांना बसलेली नव्हती. नवीनच धंद्यात पडले होते तेव्हाची गोष्ट. एका घरी रेडिओ उघडून, नव्या विद्येच्या तोऱ्यात, ते बोलून गेले होते की हा पडलाय, कोपऱ्याला मार आहे. दाराशी घरातली थोरली मुलगी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. काका पैसे घेऊन जिना उतरत होते, तोच वरून आवाज आला. त्या दिवसापासून 'पडलाय' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

दुकानाच्याच गल्लीत अप्पा राहत. अप्पा एका मोठ्या कचेरीच्या इमारतीचे रखवालदार होते. सगळे घरी गेले की मजल्यामजल्यावर फिरून दिवे, पंखे बंद करायचे आणि शेवटी मोठे दार लावायचे, हे त्यांचे काम. एकदा कोणाची तरी विजेची शेगडी चालू राहिली आणि एक खोली जळाली. अप्पा त्या दिवशी रजेवर होते, त्यांना कोणी बोल लावला नाही. पण त्यानंतर त्यांचा हात बटणे बंद करू लागला, तो निवृत्त झाल्यावरही थांबला नाही. पाहुणा खुर्चीतून उठायच्या आत त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद झालेला असे. घरातले सगळे त्यावर हसत आणि मग विसरून जात, घरातल्या घड्याळाची टिकटिक विसरतात तसे.

अप्पांचा मुलगा फिरतीच्या नोकरीवर असे. घर खरे चालवायची ती सून. ती एका इस्पितळासाठी घरून काम करी. डॉक्टर रोग्यांविषयी जे बोलून ठेवत, ते कानाला लावून ऐकायचे आणि टाइप करून पाठवायचे. पायाखाली एक पट्टी होती. ती दाबली की डॉक्टर बोलू लागे, सोडली की गप्प होई. "आमच्या घरात डॉक्टर सूनबाईच्या पायाच्या इशाऱ्यावर बोलतात," असे अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा ती दुपारी घरी आली की आई घरात असावी, म्हणून सुनेने कचेरीतली चांगली जागा सोडून हे काम धरले होते. काम तिला आवडे. आपले टाइप केलेले कोणाच्या तरी औषधोपचाराला लागते, याचा तिला मनातून अभिमान होता.

मग इस्पितळातून निरोप आला. रोग्यांची माहिती जपायची म्हणून महिनाअखेरनंतर फक्त नवी सिस्टिम असलेल्या कॉम्प्युटरांनाच आत शिरता येईल. सुनेचा कॉम्प्युटर जरा वयस्कर, पण ठणठणीत होता. तिने अपडेट सुरू केले. ते बरेच पुढे गेले आणि थोड्या वेळाने पाहते तर पडद्यावर ओळ: बदल पूर्ण झाले नाहीत, जुन्या स्थितीत परत नेत आहोत. तिने पुन्हा केले. पुन्हा तीच ओळ. तेव्हा तिने रेडिओकाकांना बोलावले.

काकांनी आधी जागा पाहिली. नातीच्या नाचाच्या चित्रफितींनी डिस्क गच्च भरली होती, त्या दुसरीकडे हलवल्या. मग विषाणू रोखणारे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चालू दिसले. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील, असे म्हणून त्यांनी एक काढून टाकला. प्रिंटरची वायर सोडवली. निघताना बजावून सांगितले की यंत्र जुने आहे, वेळ घेईल, मध्येच स्वतःहून बंद होऊन चालू होईल, पडदा काळा पडेल, तरी घाबरायचे नाही आणि हात लावायचा नाही. सून म्हणाली की इथे हात लावायला आहेच कोण. दिवसभर तिला कॉम्प्युटर कामाला लागे. तो मोकळा मिळायचा तो ती मुलीला शाळेतून आणायला जाई तेव्हा. म्हणून तिने तेव्हाच अपडेट सुरू केले, चपला घातल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पुन्हा तेच.

काका पुन्हा गेले. आधीच्या प्रयत्नांत अर्धवट उतरलेल्या फाइली त्यांनी साफ केल्या, डिस्क तपासली, ती निरोगी निघाली. अख्खी नवी सिस्टिम त्यांनी पेनड्राइव्हवर भरून आणली होती. ती टाकण्याआधी यंत्र नीट उठते का पाहावे, म्हणून एकदा ते बंद-चालू केले. सून आत चहा टाकायला गेली होती. पडदा क्षणभर काळा झाला. एवढ्यात अप्पा आतून आले. गुडघ्यांची तक्रार सांगत सांगत ते दारामागच्या विजेच्या बटणांच्या पाटीजवळून गेले आणि बोलता बोलता त्यांचा हात बटणांवरून फिरला. पंखा थांबला, दिवा गेला आणि टेबलाखालचे घरघरणे गप्प झाले. अप्पा खुर्चीत टेकले, तरी गुडघ्यांचे चालूच होते. आपल्या हाताने काय केले, ते त्यांच्या गावीही नव्हते.

काकांनी उठून हळूच बटण लावले. त्यांना सगळे कळले होते. पडदा काळा दिसला की अप्पांच्या हाताला वाटे, इथले काम संपले, माणूस उठून गेला. या घरात बटणे नेहमीच बंद सापडत, म्हणून परत आल्यावर सून ती सवयीनेच लावत असणार.

सून चहा घेऊन आली. तिने विचारले, "काका, सापडलं का काही?" अप्पाही पुढे झुकले. ते म्हणाले, "बघ बाबा नीट. हिचं काम थांबता कामा नये."

त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर एवढी काळजी होती की काकांच्या ओठावर आलेले मागे गेले. किती वर्षांपूर्वी दाराशी उभी असलेली ती मुलगी त्यांना दिसली. सुनेसमोर, तिच्याच पोटावर तुम्ही पाय देताय, असे अप्पांना कसे सांगायचे? काकांची जीभ इतक्या वर्षांच्या सवयीने आपली वाट चालू लागली.

"घरातली लाइन कमीजास्त होतेय," ते म्हणाले. "यंत्राला झटका बसतो. मध्ये यूपीएस बसवून देतो, मग काळजी नाही."

ही नुसती थाप नव्हती, असे त्यांना वाटले. यूपीएसच्या डब्यात बॅटरी असते. भिंतीवरचे बटण अप्पांनी बंद केले, तरी कॉम्प्युटर बॅटरीवर चालत राहील. अप्पांचे मनही राहील आणि अपडेटही होईल. एका दगडात दोन पक्षी. दुकानातून डबा आणून जोडला, सुनेचे काम अडू नये म्हणून पेनड्राइव्ह तिच्याकडे ठेवला आणि काका घरी गेले ते खुशीत होते. काकूंना त्यांनी सगळे रंगवून सांगितले. काकू पालेभाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "सरळ सांगायचं ना त्यांना, बटण बंद करू नका म्हणून." काकांना ते ऐकून बायकांना बारकावे कळत नाहीत असे वाटले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानातून निसटली होती. वीज गेली की यूपीएस ओरडतो. काकांचे कान त्या आवाजाला इतके सरावले होते की तो त्यांना ऐकूच येत नसे.

मुदत संपायला आली होती. सुनेने पेनड्राइव्हवरून अपडेट सुरू केले आणि ती शाळेत गेली. पडदा काळा झाला, अप्पा तिथून गेले, हात फिरला. टेबलाखाली काहीतरी टूं टूं करून रडू लागले. अप्पा घरात एकटे. त्यांना ती जळलेली खोली आठवली असणार. दुखऱ्या गुडघ्यांनी ते जमिनीवर बसले, आवाजाच्या रोखाने टेबलाखाली शिरले, डब्यावरचे बटण आवाज थांबेपर्यंत दाबून धरले आणि खबरदारी म्हणून मागची वायरही उपटली. सून आणि नात घरी आल्या, तेव्हा कपड्यांची धूळ झटकत त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले की तुझे यंत्र ओरडत होते, काही पेटायच्या आत मी बंद केले.

सून त्यांना बरे झाले म्हणाली. लाइन खराब आहे, हे काकांनीच सांगितले नव्हते का.

या वेळी यंत्र ना जुन्या स्थितीत गेले ना नव्या. निळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि तिथेच थिजली. काका धावत गेले आणि कॉम्प्युटर उचलून दुकानात घेऊन आले. तिचे काम त्यांनी डिस्कवरून सुखरूप बाजूला काढले, सिस्टिम नव्याने टाकली. जिन्याखाली, फडक्याच्या आड, ते यंत्र पहिल्याच फटक्यात, एकदाही न अडखळता, नव्या सिस्टिमवर उठले. पण तोवर मुदत टळून गेली होती. इस्पितळातली बाई फोनवर गोड बोलली. म्हणाली की डॉक्टरांच्या नोंदी थांबवता येत नाहीत, ते काम दुसरीला दिले आहे, जागा निघाली तर कळवू.

मुलगा फिरतीवरून आला. त्याने विजेचा माणूस बोलावून लाइन तपासून घेतली. तीत काहीच नव्हते. तेव्हा तो बायकोला म्हणाला, मग तूच काहीतरी भलतं दाबत असशील. रागाने नव्हे, बूट काढता काढता, सहज.

कॉम्प्युटर तयार होऊन पडला होता, पण तो घरी पोचवायला काकांचे पाय उचलत नव्हते. शेवटी तीच दुकानात आली. पायरीवर उभी राहिली. काकांनी स्टूल पुढे केले, ती बसली नाही.

"इथे नीट झालं ना लगेच?"

"झालं."

"मग घरी काय होत होतं?"

काका बोलायला लागणार तोच ती म्हणाली, "लाइन म्हणू नका. लाइन चांगली आहे. काका, माझं काय चुकत होतं तेवढं सांगा. पुढे कुठे काम मिळालं तर तेच पुन्हा व्हायला नको."

ती हे सरळ मनाने विचारत होती. तिने सगळे आपल्याकडे घेतले होते. काका खाली बघून, फडक्याची घडी घालत, उलगडत, बोलू लागले. काळा पडदा, दारामागची पाटी, अप्पांचा हात. यूपीएस का बसवला तेही सांगितले. जिन्यावरून कोणी उतरले, धूळ पडली, दोघांनीही ती झटकली नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्यांदा आलो तेव्हा. तू चहा करत होतीस."

तिने मघाचे स्टूल ओढून घेतले आणि बसली. मग म्हणाली, "अप्पांना नुसतं सांगायचं होतं. दारात खुर्ची टाकून बसले असते. मलासुद्धा हात लावू दिला नसता."

"त्यांना वाईट वाटलं असतं ग."

"वाटलं असतं," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत."

काकांनी अप्पांना इतकी वर्षे ओळखले, त्यांचे गुडघे ओळखले, हात ओळखला. पण तो म्हातारा एवढे साधे सत्य ऐकून घेईल आणि कामाला लागेल, एवढी ओळख मात्र त्यांनी ठेवली नव्हती. त्यांनी अप्पांना जपले नव्हते, मोडीत काढले होते. ते चाचरत म्हणाले की मी आज येतो आणि अप्पांना, तुझ्या नवऱ्याला, सगळ्यांना सांगतो. तिने मान हलवली.

"आता नको. आता सांगितलंत तर त्यांचं वाईट वाटणं संपायचं नाही."

"आणि तुझ्यावर आळ राहतोय त्याचं काय?"

"राहू दे," ती म्हणाली आणि वायरी गोळा करू लागली.

काकांनी कॉम्प्युटर उचलून तिच्या घरी नेला. अप्पांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. किती खेपा घातल्यास बाबा, विजेचा माणूस काही म्हणो, आमच्या घरची लाइनच करंटी, असे म्हणाले. काकांनी तिच्याकडे पाहिले. ती पडदा पुसत होती. काका हो म्हणाले.

घरी आल्यावर त्यांना जेवण गेले नाही. काकूंनी खोदून खोदून विचारले, मग सगळे ऐकून घेतले. नेहमीसारखी थट्टा केली नाही. "तुम्ही चांगले राहिलात," त्या म्हणाल्या, "आणि वाईट ती ठरली." मग उठून त्यांनी ताट झाकून ठेवले.

त्यानंतर काका कोणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरची बटणे पाहत आणि इथून कोण कोण जाते, असे विचारत. चहा सांडला असेल तर चहा सांडला म्हणत, शक्य तितक्या हळू आवाजात. कोणी ओशाळून हसे, कोणी रागावे. एका गृहस्थाने त्यांना पुन्हा बोलावले नाही. थप्पड मात्र कोणालाच बसली नाही. लोक काकांना वाटत होते त्यापेक्षा बरे होते, निदान आता तरी. हे कळायला एवढा उशीर व्हावा, याचेच त्यांना जास्त लागे.

सुनेला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कचेरीत काम मिळाले. सकाळी ती बसथांब्यावर दिसे, केस अजून ओले, पिशवी खांद्याला. काकांना पाहून हसे, काकूंची चौकशी करी. तिने कधी अबोला धरला असता तर काकांना बरे वाटले असते.

मुलीला शाळेतून आणायला आता अप्पा जात. एका दुपारी ते नातीचा हात धरून दुकानासमोर थांबले. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलले. मग नात पायऱ्या चढण्या-उतरण्यात दंग आहे असे पाहून म्हणाले, "सूनबाई म्हणते, तिला बाहेरचं कामच आवडतं. मोकळं वाटतं म्हणते. तुला काय वाटतं रे?"

उत्तर काकांच्या जिभेवर तयार होते. आवडत असेल, अप्पा. घरात बसून कंटाळा येतोच माणसाला. असली वाक्ये त्यांना आयुष्यभर पुरली होती. आता सांगू नका, असे तिने बजावलेही होते. त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"नाही, अप्पा," ते म्हणाले. "तिला घरचंच काम हवं होतं. पोरीसाठी."

अप्पांनी मान डोलावली. त्यांना वाईट वाटलेले दिसले. नातीच्या पाठीवरचे दप्तर त्यांनी आपल्या खांद्यावर घेतले. "मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "मग शोधायला हवं."

दुसऱ्या दिवशी दुकानातून काकांना समोरच्या रस्त्यावर अप्पा दिसले. धुतलेला सदरा, नीट विंचरलेले केस. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा जिना ते कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होते. घरी बसून टाइप करायचे काम कोणाकडे आहे का, हे विचारायला. बऱ्याच वेळाने ते खाली आले. काका बघत आहेत हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी लांबूनच हात हलवून, इथे नाही, अशी खूण केली. फूटपाथवर थोडे थांबून गुडघा चोळला. मग शेजारच्या इमारतीवर डोळ्यांच्या डॉक्टरांची पाटी होती ती वाचली आणि त्या जिन्याकडे वळले.